गाय उलटते जुलैत, कारण असतं एप्रिल-मे महिन्यात

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, माळशिरस या पट्ट्यात पहिले दोन-तीन पाऊस झाले की गोठ्यागोठ्यावर एकच तक्रार ऐकू येते. ऊन संपलं, हिरवा चारा सुरू झाला, गाय माजावर पण येतीय, मग गाभण का राहत नाही? एकदा भरवली, 21 दिवसांनी उलटली. परत भरवली, परत उलटली. मग शेतकरी रेतकांडी बदलतो, नंतर डॉक्टर बदलतो, कुणी सांगितलेली पावडर आणतो. तीन-चार महिने असे गेले की गाय बाजाराच्या गाडीत चढते. चांगली पंधरा-अठरा लिटर देणारी गाय अर्ध्या किमतीत जाते.

एकदा उलटणं म्हणजे नुसता भरवायचा खर्च नाही. गाईच्या खाद्याला दिवसाला 150 ते 200 रुपये धरले, तर 21 दिवसांचे 3 ते 4 हजार रुपये तिथंच गेले. तीनदा उलटली तर दहा-बारा हजार. त्यात पुढचं वेत लांबलं ते वेगळंच.

यातल्या बऱ्याच गाईंना रोग नसतो आणि कांडीही खराब नसते. जनावराच्या अंगात ताणामुळं जी हार्मोन तयार होतात, ती गाभण राहण्याच्या आड येतात. आणि तो ताण भरवायच्या दिवशीचाच असतो असं नाही, दीड-दोन महिन्यांपूर्वीचाही असू शकतो. इथंच शेतकऱ्याचा हिशोब चुकतो.

पान्हा चोरणारी गाय सगळ्यांना माहीत आहे

ताणाचं हार्मोन म्हणजे काय, हे कळायला पुस्तकाची गरज नाही. धार काढताना कुत्रं अंगावर आलं, नवीन माणूस कासेला बसला, कुणी काठी मारली, की गाय पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण खाली येत नाही. पान्हा सोडवणारं ऑक्सिटोसिन आणि भीतीनं सुटणारं अॅड्रेनालिन यांचं जमत नाही. अॅड्रेनालिन सुटलं की ऑक्सिटोसिनचं काम अडतं. गाय मुद्दाम चोरत नाही, तिच्या हातात ते नसतंच.

अॅड्रेनालिन झटक्यात येतं आणि थोड्या वेळात जातं. पण ताण तासन्‌तास, दिवसेंदिवस राहिला तर दुसरं हार्मोन कामाला लागतं, ते म्हणजे कॉर्टिसॉल. दोन्ही हार्मोन मूत्रपिंडाजवळच्या एका छोट्या ग्रंथीत तयार होतात. कॉर्टिसॉल शरीराला सांगतं की सध्या संकट आहे, साखर रक्तात सोड, जीव वाचव, बाकीची कामं नंतर बघू. दूध, वाढ, रोगाशी लढायची ताकद आणि गाभण राहणं ही सगळी त्या ‘बाकीच्या कामां’त येतात. कॉर्टिसॉल वाईट नाही, ते नसेल तर जनावर जगणार नाही. खरा त्रास ते सतत वाढलेलं राहिलं की होतो.

डीपी, स्टार्टर आणि मोटर

गाय माजावर येणं आणि बीज सुटणं हे काम गर्भाशयात सुरू होत नाही, मेंदूत सुरू होतं. मेंदूतून जीएनआरएच नावाचं हार्मोन थोड्या थोड्या वेळानं, ठोक्यासारखं सुटतं. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला चालू करतं. पिट्युटरी एलएच आणि एफएसएच सोडते. ही दोन्ही रक्तातून बीजांडकोशापर्यंत जातात, तिथं बीज वाढतं, गाय माज दाखवते. शेवटी एलएचची एक मोठी लाट येते, तेव्हा बीज सुटतं.

शेतकऱ्याच्या भाषेत मेंदू म्हणजे डीपी, पिट्युटरी म्हणजे स्टार्टर आणि बीजांडकोश म्हणजे विहिरीवरची मोटर. ताणात कॉर्टिसॉल आणि त्याच्या सोबतची हार्मोन डीपीवर आणि स्टार्टरवर बसतात. लाईट पूर्ण जात नाही, पण होल्टेज पडतं. होल्टेज पडलं की मोटर नुसती गुणगुणते, पाणी उचलत नाही. गाईचंही तसंच होतं. ती थोडा माज दाखवते, बळस पण टाकते, पण एलएचची लाट वेळेवर येत नाही. बीज उशिरा सुटतं, कधी सुटतच नाही, बीजाची पाण्याची पिशवी तशीच मोठी होऊन गाठ बनते.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंढ्यांवर हे तपासलं आहे. मेंढ्या गाडीत घालून फिरवल्या आणि त्यांच्या रक्तातलं एलएच मोजलं. प्रवासाच्या ताणानं एलएचचे ठोके बिघडले आणि बीज सोडणारी लाट उशिरा आली.

उशीर झाला तर बिघडतं काय? गाईच्या पोटात रेत साधारण एक दिवस जिवंत राहतं. सुटलेलं बीज त्याहून कमी, काही तासच टिकतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम त्यावरच बसवलेला आहे. शेतकऱ्यानं नियम पाळला, डॉक्टर वेळेवर आला, कांडी चांगली होती, पण बीजच दहा-बारा तास उशिरा सुटलं तर सगळं वाया. तिघांपैकी कुणाचीच चूक नसते, आणि तिघंही एकमेकांकडं बोट दाखवत बसतात.

40 अंशाचा मे आणि 30 अंशाचा जुलै

आपल्या भागात सगळ्यात मोठा ताण उन्हाचा. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो हे सांगायला नको. पण गाईला नुसता पारा कळत नाही, हवेतला ओलावाही कळतो. म्हणून तापमान आणि आर्द्रता मिळून एक आकडा काढतात. तो 72 च्या वर गेला की जास्त दुधाच्या गाईला ताण सुरू होतो असं धरतात.

तापमान 25 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असली की हा आकडा 72 होतो. म्हणजे माणसाला छान वाटणाऱ्या हवेतच एचएफ गाईला त्रास सुरू होतो. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेला तो 84 च्या आसपास येतो. आणि जुलैतल्या ढगाळ, दमट दिवशी 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला? 83. फरक जवळपास नाहीच. पाऊस आला म्हणून गोठ्यातला पंखा बंद करणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवायला हवा. कोरड्या हवेत घाम सुकून गाय गार तरी होते, दमट हवेत तो सुकतच नाही.

उन्हात सगळा दोष कॉर्टिसॉलचाच असतो असंही नाही. तापलेली गाय चारा कमी खाते, त्यामुळं अंगातली ताकद घटते आणि होल्टेज आणखी पडतं. माज आणणारं इस्ट्रोजेन कमी तयार होतं, म्हणून माज फिका आणि थोडा वेळच दिसतो. शिवाय अंगाची उष्णता थेट बीजाला आणि नुकत्याच धरलेल्या गर्भाला भाजते. भरवल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस गर्भ सगळ्यात नाजूक असतो. त्या दिवसांत गाय दुपारभर धापा टाकत उभी असेल तर धरलेला गर्भही मरतो आणि गाय 21 दिवसांनी उलटते. मालकाला वाटतं, गाय राहिलीच नव्हती.

आता मथळ्यातल्या गोष्टीकडं. गाईच्या बीजांडकोशात जे बीज आज सुटतं, ते आज तयार झालेलं नसतं. त्याची वाढ आधीचे काही आठवडे चालू असते. एप्रिल-मे महिन्यात वाढताना ज्याला चटका बसला, ते बीज जून-जुलैत सुटतं. बाहेर गारवा असतो, पण आतला माल उन्हाळ्यातलाच असतो. ऊन संपल्यावरही गाभण राहण्याचं प्रमाण लगेच सुधारत नाही, एक-दोन महिने जातात, हे गरम हवेच्या देशांत पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे.

नरालाही हे लागू आहे. वळूच्या वृषणात रेत तयार व्हायला जवळजवळ दोन महिने लागतात. उन्हात तापलेल्या वळूचं, रेड्याचं, बोकडाचं रेत पुढचे काही आठवडे कमजोर राहतं. गोठवलेल्या कांडीला ही अडचण नाही, पण गावच्या रेड्याकडं म्हैस नेणाऱ्यानं किंवा शेळ्यांच्या कळपात एकच बोकड ठेवणाऱ्यानं याचा विचार करावा. बोकडाला दुपारी सावली दिली तर फुकटात काम होतं.

म्हशीचा मुका माज

म्हशीचं वेगळं आहे. कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून ऊन तिला गाईपेक्षा जास्त लागतं. डुंबायला डबकं नसेल तर ती उन्हाळ्यात माज दाखवतच नाही, किंवा रात्री-पहाटे थोडा वेळ दाखवते. यालाच मुका माज म्हणतात. त्यात म्हशीचं शरीर दिवस लहान व्हायला लागले की माजासाठी तयार होतं, म्हणून दिवाळीपासून थंडीभर म्हशी जास्त गाभण राहतात. उन्हाळ्यात म्हैस माजावर आली नाही म्हणून लगेच इंजेक्शनांच्या मागं लागण्यात अर्थ नाही. आधी तिच्या अंगावर पाणी आणि डोक्यावर सावली द्या, आणि पहाटे पाचला उठून एकदा तिच्याकडं बघा.

माणदेशातली खिलार गाय या सगळ्यात पुष्कळ तग धरते. भर दुपारी ती लिंबाखाली निवांत रवंथ करत बसलेली दिसेल, तेव्हा शेजारची एचएफ तोंड उघडून धापा टाकत असते. देशी वंशाच्या जनावरांचे गर्भसुद्धा उष्णता जास्त सोसतात. पण दुधाचा हिशोब घालून शेतकऱ्यानं संकरित गाय आणली आहे, तेव्हा तिला सांभाळायचंही तिच्याच पद्धतीनं.

लंगडणारी, मार खाणारी, नवीन आणलेली

ऊन नसतानाही ताण असतो, आणि तो बऱ्याचदा माणसानं दिलेला असतो.

कोब्यावर दिवसभर उभ्या असलेल्या गाईचे खूर बिघडतात. लंगडणं हे कायमचं दुखणं आहे आणि दुखणं म्हणजे ताणच. लंगडी गाय दुसरीवर चढत नाही, माज दिसत नाही, आणि काही गाईंत बीजही सुटत नाही. गाय तीनदा उलटली म्हणून गर्भाशय तपासून घेतलं जातं, पण तिचे पाय कुणी उचलून बघत नाही.

मुक्त गोठ्याचं चांगलं नाव झालं आहे आणि ते खरंही आहे. पण त्यात एक गोष्ट राहून जाते. बाजारातून आणलेली गाय एकदम कळपात सोडली तर जुन्या गाई तिला गव्हाणीवर येऊ देत नाहीत, शिंगं मारतात. आधी गाडीचा प्रवास, मग नवी जागा, नवा चारा, वरून मार. अशी गाय पहिल्या आठवड्यात माजावर दिसली आणि भरवली, तर उलटण्याची शक्यता जास्त. तिला थोडे दिवस शेजारी वेगळी बांधा, मग सोबतीला एक शांत गाय देऊन सोडा. गव्हाणीवर सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता येईल एवढी जागा हवी.

ऑस्ट्रेलियात डुकरांवर झालेले प्रयोग इथं सांगण्यासारखे आहेत. काही माद्यांना माणसांनी रोज थोडा वेळ प्रेमानं हाताळलं, काहींना दरडावलं, चापट्या मारल्या. खाणं-पिणं सारखंच होतं. दरडावलेल्या माद्यांमध्ये कॉर्टिसॉल जास्त निघालं आणि त्यातल्या कमी गाभण राहिल्या. रोजच्या कामाला येणाऱ्या माणसाची भीती हे छोटं कारण नाही.

आपल्याकडं भरवायच्या वेळचं दृश्य आठवा. गाय झाडाला बांधलेली, एक जण वेसण ओढतोय, दुसरा शेपटी पिरगळतोय, तिसरा काठी घेऊन उभा. त्याऐवजी बांबूचा का होईना, गोठ्यातच खोडा करावा. गाईला अधूनमधून तसंच खोड्यात घेऊन थोडी पेंड खायला घालावी, म्हणजे खोडा म्हटलं की ती बिथरत नाही. भरवल्यानंतर तिला उन्हातून चालवत दूर नेऊ नये. घरातल्या बाई रोज धार काढत असतील आणि गाय त्यांच्या हाताखाली शांत राहत असेल, तर भरवताना त्यांनीच गाईजवळ उभं राहावं. बऱ्याच घरात नेमकं त्याच वेळी बायकांना आत जायला सांगतात. ही लाज गाईला परवडत नाही.

गाभण गाईला स्टिरॉइड

आता एक धोक्याची गोष्ट. वासराचा जन्म कधी व्हायचा, हे गाय नाही, वासरू ठरवतं. दिवस भरत आले की पोटातल्या वासराच्या अंगात कॉर्टिसॉल वाढतं आणि त्यातून कळा सुरू होतात. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहॅम लिगिन्स यांनी 1960 च्या दशकात मेंढ्यांवर हे दाखवून दिलं. म्हणजे जे हार्मोन ताणात सुटतं, तेच हार्मोन शरीराला ‘आता बाहेर काढ’ असाही निरोप देतं.

डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडची इंजेक्शनं ही कॉर्टिसॉलचीच कृत्रिम भावंडं आहेत. सूज, ताप, अंग धरणं, अशा वेळी ती दिली जातात आणि जनावर दुसऱ्या दिवशी उठून चारा खातं. म्हणून ती ‘चांगली गुणाची’ वाटतात. पण गाभण गाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हे इंजेक्शन बसलं तर ती गाभडू शकते किंवा अपुऱ्या दिवसांत वितं आणि वार अडकते. पशुवैद्यक गरज पडली तर याच औषधानं मुद्दाम कळा आणतात, इतका त्याचा परिणाम पक्का आहे.

म्हणून इंजेक्शन द्यायला कोणीही येवो, सिरिंज भरायच्या आधी एक वाक्य बोलायचं, “डॉक्टर, गाय गाभण आहे, इतक्या महिन्याची आहे.” काय दिलं त्याची रिकामी बाटली जपून ठेवायची. बाटली दाखवायला कुणी तयार नसेल तर इंजेक्शन घ्यायचं नाही.

गोठ्यात करण्यासारखं

सगळ्यात आधी गाईचे श्वास मोजायला शिका. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि कूस किती वेळा वर-खाली होते ते मोजा. 60 च्या वर गेली तर गाय तापली आहे. यंत्र नको, पैसे नकोत. दुपारी दोन-तीनच्या सुमारास मोजलं की गोठ्याचा खरा हाल कळतो.

पत्र्याचं छत असेल तर त्यावर पाचट, कडबा टाका, पांढरा चुना मारा. पाणी दिवसभर पुढ्यात हवं. दुभती संकरित गाय उन्हाळ्यात दिवसाला 100 लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकते, दोन वेळच्या दोन बादल्यांनी तिचं भागत नाही. टाकी सावलीत ठेवा, काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी गाय तोंडही लावत नाही. अंगावर पाणी मारायचं तर सोबत वारा हवाच. बंद गोठ्यात नुसतं पाणी मारलं तर दमटपणा वाढून उलटाच त्रास होतो. पाणी मारा, पंखा लावा, अंग सुकू द्या, परत पाणी मारा. जास्तीचा चारा पहाटे आणि रात्री टाका, दुपारी नको.

पंखा एकच असेल तर तो कोणत्या गाईला लावायचा? जास्त दुधाच्या गाईला, असं कुणीही म्हणेल. पण त्याच आठवड्यात भरवलेली गाय आणि व्यायला आलेली भाकड गाय या दोघींचा हक्क त्याच्या बरोबरीचा आहे. भाकड गाय दूध देत नाही म्हणून तिला बाहेर उन्हात बांधायची पद्धत आहे. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात झालेल्या अभ्यासांत उलटं दिसलं. भाकड काळात गार ठेवलेल्या गाईंनी पुढच्या वेतात जास्त दूध दिलं आणि त्यांची वासरंही वजनदार निघाली.

व्याल्यानंतरचे पहिले दोन महिने गाय दूध जास्त देते आणि खाते त्या मानानं कमी. ती अंगातली चरबी मोडत असते. या काळात बरगड्या झपाट्यानं दिसायला लागल्या तर भरवायची घाई करून उपयोग नाही, आधी खुराक आणि खनिज मिश्रण नीट करा.

हे सगळं खरं असलं तरी प्रत्येक उलटणारी गाय ताणाचीच असते असं नाही. बळसात पांढरे धागे किंवा पू दिसला, वास आला, तर गर्भाशयात संसर्ग आहे. माज ओळखण्यात चूक, कांडी नीट न वितळवणं, खनिजांची कमतरता ही कारणंही तितकीच असतात. म्हणून गाय तीनदा उलटली की चौथी कांडी भरायच्या आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे.

डॉक्टर आले की त्यांना नुसतं ‘गाय राहत नाही’ एवढंच सांगू नका. गाय कधी व्याली, वार पडली होती का, माज कोणत्या तारखांना दिसला, किती वाजता भरवली, हे सांगा. आणि त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत काय झालं तेही सांगा. गाय आजारी होती का, लंगडत होती का, गोठा बदलला का, चारा तुटला होता का, दुपारी धापा टाकत होती का. गोठ्यात खिळ्याला एक कॅलेंडर टांगून त्यावर हे लिहून ठेवलं तर सांगताना आठवावं लागत नाही.